झाडलेलं आकाश

विश्वातल्या धुळीला चिलीमध्ये किती वाजलेत हे कसं कळतं, हा प्रश्न रेवती सोनटक्केला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, ऐन जेवणाच्या सुट्टीत पडला आणि डब्यातली गुळाची पोळी तशीच राहिली.

प्रश्न वेडगळ वाटेल, पण रेवती वेडगळ नव्हती. पाषाणच्या टेकडीमागच्या खगोल केंद्रात ती गेली बारा वर्षं नोकरीला होती. चिलीच्या वाळवंटातली एक दुर्बीण इथून, पुण्यातून चालवली जायची. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ. त्यामुळे बाकीच्या जगातले खगोलशास्त्रज्ञ जागरणं करून डोळे लाल करून घेत असताना ही पुण्याची मंडळी रात्रभर छान झोपून, अंघोळ उरकून, चहाचा कप हातात घेऊन आकाश बघायला बसत. या सुखाचा त्यांना जरा गर्वही होता.

ही दुर्बीण ठेवलेली होती गॅमा किरणांच्या स्फोटांसाठी. एखादा प्रचंड तारा आयुष्य संपवून स्वतःतच कोसळतो, किंवा दोन मेलेले, घट्ट तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा काही सेकंदांत इतकी ऊर्जा बाहेर फेकली जाते की आपल्या सूर्याला ती साऱ्या जन्मात जमायची नाही. तिचा अरुंद झोत नेमका आपल्याकडे वळलेला असेल तर पृथ्वीभोवती फिरणारी गॅमा किरणांची यंत्रं एकदम ओरडतात. स्फोट संपतो, पण झोत पुढे जाऊन आजूबाजूच्या वायूवर धडकतो आणि तो वायू झळाळून उठतो. क्ष-किरणांत झळाळतो, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात झळाळतो, रेडिओ लहरींतही. ही मागची झळाळी मिनिटामिनिटाला विझत जाते. ती पकडली तर स्फोट किती दूरचा, कुठल्या दीर्घिकेतला, विश्वाच्या कुठल्या वयातला, सगळं कळतं. निसटली तर फक्त एक आरोळी ऐकल्याचं समाधान.

पण काही स्फोट असे असतात की क्ष-किरणांत झळाळी दिसते आणि साध्या प्रकाशात काहीच नाही. त्यांना काळे स्फोट म्हणतात. असं का होतं? सगळ्यात पटणारं कारण धूळ. ज्या दीर्घिकेत तारा मेला तिथली काजळी साधा प्रकाश गिळून टाकते, क्ष-किरण मात्र तिच्यातून आरपार येतात. नाहीतर मग अंतर. स्फोट फारच दूर असला तर विश्वाच्या प्रसरणात त्याचा प्रकाश ताणला जाऊन इन्फ्रारेडमध्ये सरकतो आणि जो दिसायचा तो वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो. आणि काही वेळा झळाळी मुळातच मंद असते, किंवा आपण बघायला उशीर करतो. हे शेवटचं कारण शास्त्रज्ञांना फारसं आवडत नाही, कारण त्यात आपला दोष निघू शकतो.

पूर्वी तीनांतला एखादा स्फोट काळा निघे. गेल्या नऊ वर्षांत तीनांतले दोन निघू लागले होते. आता नऊ वर्षांत काही विश्व बदलत नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल. पण त्याच सुमारास गॅमा किरणांची नवी, तिखट यंत्रं वर गेली होती. ती अधिक दूरचे, अधिक धुळीतले स्फोट टिपत असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. परिषदा झाल्या, प्रबंध झाले. आणि केंद्राच्या प्रमुख डॉ. यशोदा कांबळे यांनी त्यावर आपलं सगळं आयुष्य लावलं होतं. धुळीच्या आरपार बघणारी इन्फ्रारेडची मोठी दुर्बीण लडाखमध्ये उभी करायची, हा त्यांचा ध्यास. आठ वर्षं दिल्लीच्या खेपा घालून आता कुठे गाडी शेवटच्या समितीपर्यंत आली होती. समिती सोमवारी होती. मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या.

त्या समितीसाठी एक देखणा आलेख करून दे, असं मॅडमनी रेवतीला सांगितलं होतं. देखणा म्हणजे रंगीत. रंग द्यायला काहीतरी निमित्त हवं म्हणून रेवतीने सहज, काही मनात नसताना, प्रत्येक स्फोटाला तो आला तेव्हा चिलीत किती वाजले होते त्यानुसार रंग दिला. आणि बघते तर काळ्या स्फोटांची गर्दी चिलीच्या संध्याकाळी आणि पहाटे. मध्यरात्रीच्या आसपास ते निम्म्यावर आलेले.

अब्जावधी वर्षांपूर्वीच्या कुठल्या दीर्घिकेतली धूळ. तिला चिलीची पहाट कशी कळावी?

पहाट आणि संध्याकाळ कळणारं आकाशात एकच काहीतरी होतं, आणि ते फार जवळ होतं. सूर्य क्षितिजाच्या थोडाच खाली असताना खाली अंधार असतो, पण वर फिरणाऱ्या उपग्रहांवर ऊन पडत असतं. त्या वेळी ते सगळ्यात जास्त चमकतात. रेवतीने डबा बंद केला. तिला झाडू आठवला होता.

या झाडूचीही एक कथा आहे, आणि ती रेवतीच्या लग्नाची कथा आहे.

नभजाल नावाच्या कंपनीने इंटरनेटसाठी आकाशात हजारो उपग्रह सोडले, तिच्या मागोमाग इतरांनी सोडले, आणि बघता बघता दुर्बिणींची चित्रं लहान मुलाने खडूने गिरगटलेल्या पाटीसारखी दिसू लागली. खगोलशास्त्रज्ञांनी आरडाओरडा केला. तेव्हा नभजालने मोठ्या मनाने एक यंत्र फुकट देऊ केलं. ते कॅमेऱ्याच्या आतच बसे आणि चित्र साठवलं जाण्याआधी त्यातल्या उपग्रहांच्या खुणा पुसून टाकी. कच्ची चित्रं इतकी अवजड की ती ठेवायची सोय कुणाकडेच नव्हती. जे राहायचं ते झाडलेलंच. कंपनीने यंत्राला भलंथोरलं इंग्रजी नाव दिलं होतं. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, सगळे त्याला झाडू म्हणत. जगातल्या बहुतेक वेधशाळांत तोच झाडू बसला.

रेघा पुसणं सोपं होतं. अवघड होते ठिपके. गिरक्या खाणाऱ्या उपग्रहाच्या पत्र्यावरून क्षणभर ऊन उसळतं आणि चित्रात एक ठिपका उमटतो, हुबेहूब नव्या ताऱ्यासारखा. कुठला ठिपका घाण आणि कुठला खरा, हे झाडूला माणसांनी शिकवायचं होतं. त्यासाठी कंपनीने पुण्याला एक इंजिनियर पाठवला. अभिराम नाईकवाडी, मूळचा कोल्हापूरचा. केंद्राने त्याच्या शेजारी रेवतीला बसवलं, कारण तिची नजर चांगली होती.

एक अख्खा हिवाळा ती दोघं शेजारी शेजारी बसून ठिपक्यांवर खुणा करत होती. केंद्रात या कामाला सकाळची झाडलोट म्हणत. नियम भिंतीवरच लावलेला होता की ठिपका दिसला तर पुढची तीन चित्रं येईपर्यंत थांबायचं. उपग्रहाची चमक पुढच्या चित्रात नसते, खरी गोष्ट असते. सुरुवातीला दोघं थांबत. मग नजर बसली आणि तीन चित्रं थांबायची गरज वाटेनाशी झाली. "घाण?" तो विचारायचा. "घाण," ती म्हणायची, आणि बटण दाबलं जायचं. दोघांइतका वेग कुणाचाच नव्हता. अकरा वाजेस्तोवर त्यांचं दिवसाचं काम उरकलेलं असे आणि दोघं खाली कँटीनमध्ये चहाला, तिथून टेकडीवर. लग्नात रेवतीने उखाण्यातसुद्धा झाडू आणला होता. मांडवातल्या म्हाताऱ्यांना काही कळलं नाही, केंद्राची माणसं मात्र पोट धरून हसली.

त्या संध्याकाळी रेवती बावधनच्या घरी पोचली तेव्हा अभिराम मटकीला फोडणी देत होता. तो आता नभजालमध्ये झाडूच्या सगळ्या विभागाचा मुख्य होता, आणि स्वयंपाक त्याच्याकडेच होता.

"अभि, झाडू बंद करता येतो?"

"कशाला?"

"माझ्या दुर्बिणीपुरता. पुढच्या एका स्फोटापुरता."

त्याने गॅस बारीक केला. "असा बंद नाही करता येत. ती सीलबंद पेटी आहे, कंपनीच्या परवानगीशिवाय उघडत नाही."

"परवानगी कोण देतं?"

"मीच देतो." तो हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं, असं रेवतीला नंतर आठवलं. तेव्हा तिचं लक्षच नव्हतं. तिने फोनवर आलेख उघडून त्याच्यासमोर धरला. तो बराच वेळ बघत राहिला. मटकी खाली लागल्याचा वास आला तेव्हा भानावर आला.

"मला वाटतंय तो खरीखुरी झळाळी पुसतोय," रेवती म्हणाली. "मॅडमचे निम्मे काळे स्फोट कदाचित काळे नाहीतच. झाडूने काळे केलेत. सोमवारी समिती आहे अभि. मला त्याआधी कळायला हवं."

"आणि तसं निघालं तर?"

"तर मॅडमची दुर्बीण गेली." मॅडमनी तिला नोकरी दिली होती, मॅडमनी तिला शिकवलं होतं, आईच्या आजारपणात मॅडम ससूनमध्ये तिच्याबरोबर बसल्या होत्या.

"उद्या सकाळी बंद करतो," अभिराम म्हणाला. "कुणाला बोलू नकोस मात्र."

तिने त्याला मागून मिठी मारली. करपलेली मटकी त्या रात्री दोघांनी गोड मानून खाल्ली.

मग वाट बघणं आलं. आकाशात रोज साधारण एक स्फोट होतो, पण निम्मे पृथ्वीच्या आडच्या बाजूला, काही सूर्याच्या दिशेला, काही चिलीत दिवस असताना. आपल्या वाटणीचा कधी येईल याचा काही नेम नाही. रेवतीला एका जागी बसवेना. फोन ती बाथरूममध्ये नेऊ लागली. सिग्नलला मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तर त्याच्यावर खेकसली. केंद्रात मॅडम मात्र खुशीत होत्या. वरांड्यात येरझारा घालत समितीपुढचं भाषण पाठ करत होत्या, मधेच थांबून रेवतीच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या. "तोंड का असं लिंबू पिळल्यासारखं?" त्यांनी विचारलं. "झोप नाही झाली मॅडम," रेवती म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

गुरुवारी दुपारी जेवायच्या वेळेला स्फोटाची सूचना देणारी घंटा वाजली. चिलीत तेव्हा पहाट होत आली होती. दुर्बीण आपोआप वळली, एकामागून एक चित्रं येऊ लागली. रेवतीने स्फोटाच्या जागेचा तेवढा चौकोन मोठा करून पडदाभर लावला. क्ष-किरणांच्या यंत्राकडून निरोप आला की झळाळी झकास आहे, जोरदार आहे. तिच्या पडद्यावर मात्र पहिल्या चित्रात काही नाही. दुसऱ्यात नाही. दहाव्यातही नाही. झाडू बंद असूनही काही नाही!

म्हणजे स्फोट खरंच काळा होता. म्हणजे झाडूचा काही दोष नव्हता, आणि चिलीच्या घड्याळाचा तो रंगीत आलेख हा निव्वळ योगायोग होता. एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही हे तिला कळत होतं, पण तिला कळून घ्यायचं नव्हतं. ती जागेवरच रडली, सुटल्यासारखी. अभिरामला फोन केला. "काळा आहे अभि! खरंच काळा आहे!"

"बघ," तो म्हणाला. "उगाच जीव काढलास."

मॅडमना तिने संशयाचं काहीच सांगितलं नाही, फक्त ताजा काळा स्फोट दाखवला. मॅडमनी टाळी दिली. "सोमवारी हाच दाखवायचा. मोठं चित्र कर, अख्ख्या चौकटीचं. समितीतल्या लोकांना आकाश दिसलं पाहिजे."

शुक्रवारी सकाळी रेवती ते अख्खं चित्र घेऊन बसली. सुंदर होतं. काळ्याभोर आकाशात स्वच्छ, टपोरे तारे. तिने मधोमध एक लाल वर्तुळ काढलं, खाली अक्षरं टाकली, अक्षरांचा आकार वाढवला, कमी केला. अर्धा तास असा गेला. मग तिचा हात थांबला.

चित्र फार स्वच्छ होतं.

पहाटेची वेळ. उन्हात आलेले हजारो उपग्रह. झाडू बंद. या चित्रावर रेघोट्यांचं जाळं हवं होतं, तारे शोधावे लागले असते. आणि इथे एक रेघ नव्हती. नऊ वर्षं ती झाडलेलं आकाशच बघत आली होती, त्यामुळे स्वच्छ आकाश बघून तिला काही खटकलंच नव्हतं. केंद्रातल्या कुणालाच खटकलं नसतं. नवीन पोरांनी तर न झाडलेलं आकाश जन्मात पाहिलं नव्हतं.

झाडू चालू होता. अभिरामने तो बंद केलेलाच नव्हता.

ती कुणाला न सांगता निघाली. शुक्रवारी अभिराम घरूनच काम करायचा. ती आत शिरली तेव्हा तो पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता.

"तू झाडू बंद केलाच नाहीस."

त्याने हातातल्या टॉवेलची घडी पूर्ण केली. "नाही."

"मला वाटलं, विसरलो म्हणशील."

"म्हणणार होतो. तुझं तोंड बघून नाही जमलं."

रेवती दाराशीच उभी राहिली. आत जाऊन बसलो तर आपण मऊ पडू, अशी तिला भीती वाटत होती. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मी एक चाचणी घेतली होती. झाडूच्या पोटात खोटे ठिपके सोडले, खऱ्या झळाळीसारखे हळूहळू विझणारे. त्याने बहुतेक सगळे पुसले. पहाटे आणि संध्याकाळी तर एक ठेवला नाही. त्या वेळी तो जास्त कडक होतो, कारण तेव्हाच खरी घाण जास्त असते. मग तो हे कुणाकडून शिकला ते शोधलं."

"कुणाकडून?"

"आपल्याकडून." आता त्याने वर बघितलं. "सगळ्यात जास्त वजन आपल्या दोघांच्या खुणांना दिलेलं आहे. आपण सगळ्यात वेगवान होतो ना. आपण तीन चित्रं थांबत नव्हतो, रेवती. नवा ठिपका दिसला की घाण, नवा ठिपका दिसला की घाण. त्यात खऱ्या झळाळ्याही गेल्या असणार. तो तेच शिकला. आपल्याला अकराला खाली जायची घाई असायची."

रेवतीला तो हिवाळा आठवला. कँटीनचा पाणचट चहा, टेकडीवरचं ऊन. इतकी वर्षं ती आठवण ती जपून वापरत आली होती, भांडण झालं की, कंटाळा आला की. आणि आता हा माणूस सांगत होता की त्या सगळ्या सकाळी कुठे कुठे कुणाकुणाचे तारे पुसले जात होते.

"कंपनीला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी पहिलं तुझं नाव पुढे केलं असतं. केंद्राच्या माणसांनी चुकीचं शिकवलं, म्हणाले असते."

"म्हणजे हे सगळं माझ्यासाठी?"

"माझ्यासाठीपण." तो थांबला. "मला ते दिवस चुकीचे ठरवायचे नव्हते."

हे ऐकून तिचं मन विरघळलं, आणि ते विरघळलं याचाच तिला भयंकर राग आला. "दोन वर्षं मी रोज सकाळी त्या झाडलेल्या आकाशाकडे बघायला जात होते," ती म्हणाली, "आणि तू मला डबा भरून देत होतास. एकदा तरी सांगायचं. डब्यात चिठ्ठी टाकायची. आणि काल? काल मी तुला रडत फोन केला, तेव्हा तू म्हणालास, उगाच जीव काढलास."

त्याचे डोळे भरून आले होते, पण ती पुढे झाली नाही.

"आत्ता बंद कर. माझ्यासमोर. आणि त्या चाचणीचे निकाल दे मला."

"मॅडमना सांगितलंस तर त्यांची दुर्बीण जाईल. माझी नोकरी जाईल. तुझं नाव खराब होईल ते वेगळंच."

"माहीत आहे."

त्याने लॅपटॉप ओढला. या वेळी रेवती त्याच्या मागे उभी राहून प्रत्येक अक्षर वाचत होती. नवऱ्याच्या खांद्यावरून असं बघावं लागतंय, याचं तिला झाडूपेक्षाही जास्त वाईट वाटलं.

शनिवार तिने निकाल तपासण्यात घालवला. कुठेतरी चूक सापडेल या आशेने तिने ते पुन्हा पुन्हा तपासले. सापडली नाही. रविवारी सकाळी ती खडकीला मॅडमच्या घरी गेली. दिल्लीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती आणि मॅडम उद्याच्या साडीला इस्त्री करत होत्या. रेवतीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, हिवाळ्यासकट, चहासकट, नवऱ्यासकट. मॅडमनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"किती?"

"काळे म्हटलेल्यांतले निम्मे तरी काळे नव्हते."

"आणि बाकीचे?"

"ते खरे. तिथे खरंच धूळ असेल, नाहीतर अंतर. पण पूर्वीइतकेच, तीनांत एक."

"तीनांत एकासाठी मला कुणी एवढी दुर्बीण देणार नाही." मॅडम खुर्चीत बसल्या. साडीचा काठ त्यांनी हाताने सरळ केला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे तू मंगळवारी सांगायचं होतंस."

"मॅडम?"

"मंगळवारी! समिती झाल्यावर. दुर्बीण तर मिळाली असती. धूळ काय, कमी असली तरी असतेच की. तिच्यातून तिने बघितलं असतं." त्यांचा आवाज चढला. "तुला एक दिवस थांबता नाही आलं?"

थांबता न येण्याचाच तर सगळा घोळ होता, आणि इथे थांबली असती तर तेही चूकच ठरलं असतं. "तुम्हाला न सांगता तुम्हाला तिथे उभं राहू देणं मला नाही जमलं," ती म्हणाली.

"नाही जमलं ते बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "आणि वाईटही झालं. आठ वर्षं मी परक्या दीर्घिकांतली धूळ मोजत होते. एकदा तरी विचारायला हवं होतं मी, की वाढतंय ते आपल्याच घरात तर नाही ना?" त्यांनी चष्मा काढला. "जा तू आता. मला रडायचंय आणि ते मी कुणासमोर करत नाही."

सोमवारी मॅडमनी समितीपुढे रेवतीचा तो रंगीत आलेखच ठेवला, चिलीच्या घड्याळासकट, आणि त्यामागे काय निघालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. समितीने फार कौतुक केलं आणि दुर्बिणीचा विषय पुढच्या पंचवार्षिक आखणीत ढकलला. म्हणजे मॅडमच्या पदरात नाही. वर्तमानपत्रांना आठवडाभर चघळायला विषय मिळाला. नभजालने अपेक्षेप्रमाणे केंद्राकडे बोट दाखवलं, जगभरच्या वेधशाळांनी झाडू बंद केले, आणि अभिरामला सोमवारपासून येऊ नका असं एका शुक्रवारी सांगण्यात आलं.

घरात तो हॉलमध्ये झोपू लागला. बोलणं कामापुरतं. सकाळी डबा मात्र भरलेला असे. रेवती तो नेई आणि खाई. यापलीकडे दोघांचं नक्की काय उरलंय हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि न ठरवता राहणं तिला सोसतही नव्हतं. निकाल लावून मोकळं व्हावं, असं रोज दोनदा तरी तिच्या मनात यायचं.

फेब्रुवारीत मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. झाडू नाही म्हटल्यावर झाडलोट पुन्हा हाताने सुरू झाली होती, नवा झाडू पुन्हा पहिल्यापासून शिकवायचा होता, आणि न झाडलेल्या चित्रांपुढे नवीन पोरं पार गोंधळून गेली होती.

"तुझ्या नवऱ्याला बोलाव," मॅडम म्हणाल्या.

"त्याला?"

"ज्याने बिघडवलं त्यालाच कुठे बिघडलं ते नीट ठाऊक. आणि सध्या रिकामाच आहे ना तो?" मग जरा खालच्या आवाजात, "मी त्याला माफ केलेलं नाही, हेही सांग."

अभिराम आला. गळ्यात पाहुण्यांचा पास, अंगात इस्त्रीचा शर्ट, कॉलेजच्या पहिल्या दिवसासारखा अवघडलेला. त्याच दोन खुर्च्या होत्या. भिंतीवर नियमाचा तोच कागद होता, पिवळा पडलेला. दोघं शेजारी बसली आणि समोर बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी, चहा यायच्या सुमाराला घंटा वाजली. दुर्बीण वळली. पहिलं चित्र पडद्यावर आलं आणि मागे उभ्या असलेल्या पोरांपैकी कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा, सगळं आकाश गिरगटलेलं. मधल्या चौकोनात, दोन रेघांच्या मधे, एक ठिपका.

अभिरामचं बोट आपसूक बटणावर गेलं होतं. "घाण?" तो पुटपुटला. सवयीनेच.

"थांब," रेवती म्हणाली.

दुसरं चित्र यायला अर्ध्या मिनिटाचा अवधी होता. ते अर्धं मिनिट दोघांना फार मोठं गेलं. त्याच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता. इतक्या जवळ ती दोघं कित्येक दिवसांत बसली नव्हती.

दुसरं चित्र आलं. रेघा सगळ्या बदललेल्या. ठिपका तिथेच होता, किंचित मंद.

"आहे!" अभिराम खुर्चीतच तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर तो हिवाळा जसाच्या तसा परतला होता. "रेवती, झळाळी आहे ही! लाव खूण."

तिलाही हो म्हणायचं होतं. मनापासून म्हणायचं होतं. ठिपक्याला आणि बाकी सगळ्यालाही.

"थांब," ती म्हणाली. "अजून दोन चित्रं."

त्याने तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कागदाकडे. बटणावरचं बोट काढून त्याने हात मांडीवर घेतला, आणि थांबला.